अंगठ्याखालचा बुक्का

"आधी तो बल्ब काढ," भाऊसाहेब म्हणाले. "महाराजांच्या डोक्यावर दुधी भोपळा टांगल्यासारखा दिसतोय."

मी पडद्यावरच्या फोटोतला बल्ब काढला. शेजारचा मांडवाच्या कापडाचा तुकडा उचलला, बल्बावर बसवला आणि कडा पुसट करून टाकल्या. देवस्थान समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून खांद्यावरून बघत होते. त्यांच्या तोंडातल्या तंबाखूचा वास थेट माझ्या नाकात येत होता.

"वा. जणू नव्हताच तिथं. गुरुजी, पाहिलंत का? पोरीच्या हातात जादू आहे. आता ती पाण्याची बाटली घालव."

बाटली घालवली. मृदंगाच्या मागून गेलेली वायर घालवली. खांबाला डकवलेली निवडणुकीची चिठ्ठी घालवली. हे सगळं मला पटत होतं, नाही म्हणत नाही. फोटो काढताना माणसाचं लक्ष जिथं असतं तेवढंच त्याला दिसतं, कॅमेरा मात्र बाटलीसुद्धा सोडत नाही. बाटली काढली म्हणून कीर्तन खोटं होत नाही.

"आणि महाराजांच्या उपरण्याला ते ठिगळ दिसतंय," भाऊसाहेब म्हणाले.

"ते त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं होतं," मी म्हणाले.

पाटसकर गुरुजी स्टुलावर बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते देवस्थान समितीचे चिटणीस. ते म्हणाले, "राहू द्या की, साधेपणा दिसतो."

"साधेपणा आपल्याला दिसतो गुरुजी, मुंबईच्या पाहुण्यांना गावाचा कद्रूपणा दिसेल. म्हणतील, एवढ्या मोठ्या कीर्तनकाराला साधं उपरणं दिलं नाही. काढ गं."

ठिगळ निघालं. उपरणं नवंकोरं झालं. मला ते बरं वाटलं नाही.

आमच्या कासारसोंडच्या विठ्ठलमंदिरापुढं नवा सभामंडप झाला होता. रंगनाथ महाराजांच्या पहिल्या पुण्यतिथीला त्याचं उद्घाटन होतं आणि समोरच्या भिंतीवर महाराजांचा माणसाच्या उंचीएवढा फोटो लावायचा, असं समितीनं ठरवलं होतं. महाराज फोटोला कधी उभे राहिले नाहीत. कॅमेरा दिसला की उपरणं तोंडावर ओढायचे आणि म्हणायचे, "त्याचा काढा, तो विटेवर निवांत उभा आहे." त्यामुळं त्यांचा धड दिसणारा असा एकच फोटो साऱ्या पंचक्रोशीत होता. तो मी काढलेला. त्यांच्या शेवटच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, त्यांना कळायच्या आत.

त्या फोटोत महाराज वळलेले आहेत. कीर्तन करून करून आवाज बसलेला, कपाळावर घाम, डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. उजवा हात पुढं केलेला आहे आणि अंगठा एका बाईच्या कपाळावर टेकलेला आहे. ते तिला बुक्का लावतायत. बाईच्या गळ्यात वीणा आहे. ती बाई म्हणजे माझी आई.

आणि आई त्या वेळी आमच्यापासून चार हातांवर, दुकानाच्या काउंटरमागं बसून शाळेच्या पोरांचे पासपोर्ट फोटो कापत होती. वडील गेल्यावर दुकान आम्ही दोघींनी चालवलं. कॉम्प्युटर माझ्याकडं, कटर तिच्याकडं.

"आता मुख्य काम," भाऊसाहेबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढं ठेवला. "यात माझा एक फोटो आहे. सोसायटीत सत्कार झाला तेव्हाचा. फेटा बांधून घेताना मान खाली घातलेली आहे. बरोबर बसेल."

"कुठं बसेल?"

"इथं." त्यांनी बोट पडद्याला लावलं. आईच्या चेहऱ्यावर बोटाचा ठसा उमटला.

मी म्हणाले, "इथं आई आहे."

"दिसतंय की मला."

"आणि तुम्ही त्या दिवशी कीर्तनाला नव्हता."

"नव्हतो, म्हणून तर आलो. असतो तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

हे ते चिडून म्हणाले नाहीत. सरळ हिशेबाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले. कटरचा आवाज थांबला नाही. खट्, खट्. मी आईकडं पाहिलं, तिनं वर पाहिलं नाही.

त्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. सात दिवस, रात्रंदिवस, ती कुणाच्या तरी गळ्यात असते. पहारा बदलतो तसा वीणेकरी बदलतो, पण वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यातच जाते, आणि देणारा-घेणारा दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वीणा खाली टेकली की सप्ताह मोडला. काल्याच्या दिवशी ती दगडूतात्यांच्या गळ्यात होती. तात्या म्हातारे, त्यात उपाशी, आणि मांडव उन्हानं तापलेला. महाराज पुढं रंगात आले होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी, कुणाचा भात, कुणाचं नुसतंच ताक, आणि देवानं सगळं एकात कालवलं, असं ते सांगत होते. त्यांचं सांगणं असं, की ऐकणाऱ्याच्या हाताला दह्याचा गारवा लागावा. सारा मांडव त्यांच्या तोंडाकडं बघत होता आणि त्यांच्या पाठीमागं तात्या डुलायला लागले.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. तात्यांचे गुडघे वाकले. टाळकऱ्यांच्या दोन्ही हातांत टाळ, मृदंगी मांडी घालून बसलेला. वीणेचा भोपळा सतरंजीपासून वीतभर उरला असेल. बायकांच्या पुढच्या रांगेतून आई उठली, दोन पावलांत गेली आणि वीणेच्या दोरीखाली तिनं आपली मान घातली. वीणा उचलली गेली. तात्या खाली बसले. आईच्या बोटानं तार छेडली आणि भजन जसं चाललं होतं तसं पुढं चाललं.

महाराज थांबले नाहीत. त्यांनी काला केला, हंडी फुटली, गजर झाला. मग रीतीप्रमाणं ते वीणेच्या पाया पडायला वळले आणि तेव्हा त्यांना दिसलं, वीणा कुणाच्या गळ्यात आहे. महाराज ब्रह्मचारी. बायांना लांबूनच 'माउली' म्हणून हात जोडत, पायाला हात लावू देत नसत. ते क्षणभर उभे राहिले. मग हसले, वाकले, वीणेच्या पाया पडले, ताटातला बुक्का घेतला आणि वीणेकऱ्याला लावतात तसा आईला लावला. तेव्हा माझं बोट दाबलं गेलं.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. काल्याचा दिवस, आणि विधवेच्या गळ्यात वीणा. महाराजांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी हातातला घास पानात ठेवला. "वीणा खाली टेकली का? नाही ना? मग ती कुणाच्या मानेवर राहिली हे पांडुरंगाला विचारा, मला जेवू द्या." पंगत पुन्हा जेवायला लागली. पण महाराज गेले आणि बोलणं पुन्हा वर आलं. कुणी म्हणालं, महाराज त्या सप्ताहानंतर फार जगले नाहीत, ते उगीच का?

म्हणजे भाऊसाहेबांना त्या जागी नुसतं बसायचं नव्हतं, तिथलं कुणीतरी उठवायचंही होतं.

"होणार नाही," मी म्हणाले.

"का? बल्ब निघाला, बाटली निघाली."

"आई बाटली नाही."

"कावेरी," गुरुजी मध्ये पडले, "रागाचा विषय नाही हा. तांत्रिक अडचण असेल तर तसं सांग."

"अडचण आहे. महाराजांचा अंगठा तिच्या कपाळावर आहे. सावली तिच्या नाकावर पडलीय. भाऊसाहेबांचं कपाळ तिथं येणार नाही, त्यांचं बरंच वर, टाळूपर्यंत गेलंय."

गुरुजींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. भाऊसाहेब हसले नाहीत. मग ते एकदम उदार झाले.

"ठीक आहे. नको मी. मला काही हौस नाही. असू द्या बाईच. पण गुरुजी, हे असं लावता येईल का सभामंडपात? मंगल वास्तू आहे. आमदार येणार, त्यांच्या मंडळी येणार. आणि समोर पांढरं कपाळ?"

"पांढरं कुठं, बुक्का आहे," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतो." गुरुजी स्टूल घेऊन पुढं सरकले. त्यांच्या डोळ्यांत वर्गात असायची तशी चमक आली. "बुक्का काळा आहे, तो लाल करायचा. एवढंच. हातात हिरव्या बांगड्या दाखवायच्या, आणि वीणा काढून टाकायची म्हणजे वादच मिटला. एक सुवासिनी महाराजांचं दर्शन घेतीय, बस. आणि मी म्हणतो, यात वाईट काय आहे? काळ बदललाय. विधवांनी कुंकू लावावं असं आपणच व्यासपीठावरून सांगतो. तुझ्या आईचा हा एका परीनं सन्मानच आहे."

मी माउस सोडला. खुर्ची गुरुजींकडं वळवली.

"गुरुजी, तुमच्या शेजारच्या शेवंताकाकूंना परवा हळदीकुंकवाला बोलावलं होतं का तुमच्या घरी?"

"तो वेगळा विषय आहे."

"खऱ्या कपाळाला नको आणि फोटोतल्या कपाळाला पाहिजे. कारण फोटो आमदारीणबाई बघणार."

"जीभ सांभाळ," भाऊसाहेब म्हणाले. मग त्यांनी मान वळवली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा आईशी बोलले. "गयावहिनी, तुम्ही शहाण्या आहात. पोरीला सांगा. समितीचं सगळं काम तुमच्याच दुकानात येतं, ते उगीच येत नाही."

खट्. आईनं एक पासपोर्ट फोटो कापला, बाकीच्यांवर ठेवला, गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "लाल करू नका. महाराजांना त्रास होईल."

भाऊसाहेब मोठ्यानं हसले. "महाराज वैकुंठाला गेले वहिनी. त्यांना आता कसला त्रास?"

"मी सांगायचं ते सांगितलं."

"सीडी आहे माझ्याकडं या फोटोची," भाऊसाहेब मला म्हणाले. "तूच दिली होतीस, गेल्या दिवाळीत. तालुक्याला अशी दहा दुकानं आहेत. तिथली पोरं चहा पिता पिता करून देतील." त्यांनी पेन ड्राइव्ह उचलला आणि ते गेले. गुरुजी दारात थांबले, काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत असावं, पण भाऊसाहेबांनी गाडीचा हॉर्न वाजवला.

मी आईवर तुटून पडले. इतका राग मला भाऊसाहेबांचासुद्धा आला नव्हता.

"तुला काढून टाकायला निघाले, तुझ्या तोंडावर, आणि तू काय म्हणतीस, तर महाराजांना त्रास होईल? महाराजांचं काय घेऊन बसलीस? तुझं बोल ना. अपमान तुझा चाललाय."

"माझा काय नवीन आहे का?"

"म्हणजे सवय झाली म्हणून करू द्यायचा?"

"महाराजांच्या हातात काय देतायत ते त्यांना कळेना झालंय," ती म्हणाली. "कळेल. ऊन वाढायच्या आत ते फोटो शाळेत देऊन ये."

मला वाटलं, ही हरली. भजन, पूजन, कीर्तन करून करून माणूस असं मऊ होतं आणि मग ज्यानं त्यानं यावं नि बोट रुतवून जावं. मी पांडुरंगावरही रागावले होते, खोटं कशाला बोलू. फोटोंचा गठ्ठा घेऊन उन्हातून चालताना मी मनातल्या मनात त्याला जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळीच सभामंडप भरला. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, खाली सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. भिंतीवर भला मोठा फोटो, त्यावर भगवा पडदा. उद्घाटनानंतर कीर्तन होतं. टाळकरी येऊन बसले होते. दगडूतात्या खांबाला टेकून बसले होते. त्या दिवसानंतर त्यांनी वीणा घेतली नव्हती. फोटो काढायला मीच होते, कारण समितीनं सांगितलं नसलं तरी मला कुणी नकोही म्हटलं नव्हतं. आई नेहमीसारखी पुढच्या रांगेत. मी तिला घरी थांब म्हणून विनवलं होतं. ती म्हणाली, "महाराजांची पुण्यतिथी आहे. घरी का थांबू?"

आमदारांनी दोरी ओढली. पडदा घसरला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

तालुक्याच्या पोरानं काम फार सफाईनं केलं होतं. ते मला कबूल करावं लागेल. महाराज उजळले होते. पाठीमागचा मांडव जाऊन गाभाऱ्यासारखा सोनेरी उजेड आला होता. वीणा पुसली गेली होती आणि तिच्या जागी हिरवं पातळ आणि गळ्यात मंगळसूत्र आलं होतं. हातभर हिरव्या बांगड्या. टाळकरी नाहीत, मृदंग नाही. एकटे महाराज आणि एकटी बाई. महाराज भरल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघून हसतायत, तिनं मान खाली घातलीय, आणि महाराजांचा अंगठा तिच्या कपाळावर आहे. अंगठ्याखाली लालभडक कुंकू.

पहिल्यांदा बायकांच्या बाजूनं आवाज आला. यमुनाआत्याचा. म्हातारीला हळू बोलता येत नाही. "आगं बया, महाराज कुणाला कुंकू लावत्यात?"

आणि खुर्चीवर बसलेल्या मुंबईच्या पाहुण्यांनी भाऊसाहेबांकडं वाकून, अगदी आदरानं विचारलं, "या महाराजांच्या सौभाग्यवती का?" भाऊसाहेबांच्या हातात माईक होता आणि तो चालू होता. सगळ्या सभामंडपात घुमलं. सौभाग्यवती का.

मागं कुणीतरी हसलं. एक हसलं की दुसरं हसतं. "लपवून ठेवलं होतं की बुवांनी," असं कुणीतरी म्हणालं. मग "गयाच दिसतीय ती," असं बायकांतून आलं आणि साऱ्या माना आईकडं वळल्या. यमुनाआत्यानं पदर तोंडाला लावला. "तरीच," ती म्हणाली. "तरीच तिच्या गळ्यात वीणा घालू दिली."

तेव्हा कुठं मला कळलं, आई दुकानात काय म्हणत होती. बाईच्या कपाळी कुंकू लावायचा हक्क कुणाचा असतो, हे गावातल्या पोरासोरालाही माहीत आहे. समितीला एक विधवा लपवायची होती, आणि त्या नादात त्यांनी महाराजांचं लग्न लावून दिलं होतं. वीणा होती तोवर तो वीणेकऱ्याला लावलेला बुक्का होता. वीणा काढली आणि नुसता एक पुरुष आणि एक बाई उरली.

आई उठली. मला वाटलं, बाहेर जाईल. ती पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर जाऊन उभी राहिली. पदर नीट केला. तिच्या कानामागची शीर उडताना मला दिसत होती.

"भाऊसाहेब, सांगा."

"वहिनी, नंतर बोलू आपण. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनीच विचारलंय. सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"या फोटोतलं काय काय काढलंत आणि काय काय घातलंत."

गुरुजी लगबगीनं पुढं आले. "वहिनी, तांत्रिक चूक झाली. तालुक्याच्या दुकानदारानं परस्पर..."

"दुकानदाराला माझं कपाळ कुठं माहीत होतं, गुरुजी?" आईचा आवाज चढला नव्हता, पण कीर्तनात धरलेल्या सुरासारखा तो शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "मला कुंकू लावायचं असतं तर मी लावलं असतं. डबी घरात आहे. कुणाच्या बापाला भिऊन बंद ठेवलेली नाही. माझं मी बघीन. गावानं मला आधी कमी बोललंय का? पण ज्या माणसानं जन्मात बाईच्या पायाच्या वर नजर नेली नाही, त्याच्या अंगठ्याला तुम्ही कुंकू चिकटवलंत. मी सांगितलं होतं. लाल करू नका म्हणाले होते. हसलात तुम्ही."

भाऊसाहेबांनी पडदा ओढायला एकाला खुणावलं.

"पडदा नको," आई म्हणाली. "आता झाकलंत तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणून झाकलं."

खांबापाशी हालचाल झाली. दगडूतात्या उठले होते. खांब धरूनच बोलले. "वीणा माझ्या गळ्यातनं चालली होती. मला भोवळ आली. हिनं मान घातली नसती तर सप्ताह तिथंच मोडला असता. गाव मला बोललं नाही, हिला बोललं. मी पण गप बसलो." आणि मग भाऊसाहेबांकडं बघून, "वीणा कुठं घातलीस रं?"

तात्या गावातल्या कुणालाच अहोजाहो करत नसत, पण भाऊसाहेबांना करत असत. त्या दिवशी केलं नाही.

सभामंडपात कुणी हसत नव्हतं. टाळकऱ्यांपैकी एकानं टाळ खाली ठेवले, मग दुसऱ्यानं. कुणी ठरवून केलं नाही. पण भाऊसाहेबांना कळलं, की आता ते बोलल्याशिवाय कीर्तनाला सुरुवात व्हायची नाही. आमदार घड्याळ बघायला लागले होते.

"वीणा होती," भाऊसाहेब माईकवर म्हणाले. "ती काढली."

"आणि?" आई म्हणाली.

"बुक्का होता. वीणेकरी म्हणून महाराजांनी लावलेला. तो... तो लाल केला."

"कुणी?"

भाऊसाहेबांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"मी करायला सांगितलं."

आई माझ्याकडं वळली. "आपल्या देव्हाऱ्यातला फोटो घेऊन ये."

मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून घरी पळाले. देव्हाऱ्याशेजारी तोच फोटो होता, मी महाराज गेल्यावर साध्या कागदावर छापून काचेच्या चौकटीत बसवलेला, वहीएवढा. फोटोतल्या कशालाही हात न लावता छापलेला. परत आले तेव्हा मोठा फोटो खाली उतरवून भिंतीला उभा केला होता. आईनं तो पालथा ठेवू दिला नव्हता. आत महाराज आहेत, पालथे कसे ठेवता, असं म्हणाली होती म्हणे. नंतर त्यावर पांढरं वस्त्र घातलं आणि तो आत नेला. भिंतीवर तो भला मोठा खिळा आणि त्याला माझा वहीएवढा फोटो. लांबून तर काही दिसतच नव्हतं. बघायचं असेल त्याला जवळच जावं लागत होतं.

लोक जवळ गेले. रांग लागली. बुक्क्याचं ताट खाली ठेवलं होतं. जो तो चिमूट घेऊन फोटोतल्या महाराजांच्या कपाळाला लावत होता आणि पुढं सरकत होता. आई ताटाशेजारी उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून. यमुनाआत्याचा नंबर आला. तिनं महाराजांना बुक्का लावला. बोट तसंच थांबलं. मग ते हळूच सरकलं आणि फोटोतल्या आईच्या कपाळाकडं निघालं.

"फोटोला कशाला?" आई म्हणाली. "मी इथं उभी आहे."

आत्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग बोट काचेपासून मागं घेतलं, आईच्या कपाळाला बुक्का लावला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकायला लागली. आईनं तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"पाया पडायला आज माझ्या गळ्यात वीणा नाही, आत्या," ती म्हणाली. "मघाशी जे बोललात, ते फक्त परत बोलू नका."

आणि तिचा दंड सोडून तिनं पुढच्या बाईला जागा करून दिली.